मॅग्नेशियम-निकेलची ‘नॅनो’ भुकटी आणि गायब झालेला हायड्रोजन: रबाळ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळ्याच्या बाजूला, धातूच्या भुकट्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे. नेहमीचं काम हिऱ्याच्या कटिंग हत्यारांसाठी लागणाऱ्या कोबाल्ट-लोखंडाच्या भुकटीचं. प्लॅनेटरी बॉल मिल (फिरत्या जारमध्ये गोळ्यांनी भुकटी दळणारं यंत्र), आर्गॉनचा ग्लव्ह बॉक्स (हवेऐवजी आर्गॉन भरलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) आणि व्हॅक्यूम भट्टी जागेवर होतीच, त्यामुळे फ्युएल सेलचे (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटाचे) प्रात्यक्षिक संच बनवणाऱ्या एका ग्राहकाने हायड्रोजन साठवणाऱ्या भुकटीची मागणी दिली तेव्हा ती अशक्य वाटली नाही. ओळख पटू नये म्हणून यंत्रांचे आणि दोन्ही पक्षांचे काही तपशील इथे बदलले आहेत.

हवी होती ६० ग्रॅम मिश्रधातू: दोन अणू मॅग्नेशियमला एक अणू निकेल, म्हणजे ‘दोनास एक’. हा पदार्थ नवा नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या रायली आणि विसवॉल यांनी १९६८ सालीच त्याचं हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन भरलेलं रूप, प्रसिद्ध केलं होतं. ग्राहकाच्या अटी तीन. कण १०० नॅनोमीटरच्या आत, तेही एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) फोटोत दिसणारे. पुन्हा पुन्हा भरता-काढता येणारा हायड्रोजन ३.३ वजनी टक्के. आणि ३०० अंश सेल्सियसला, १२ बार दाबाखाली, १० मिनिटांत भरणी. भुकटी ज्यात भरायची तो डबा किमान २० लिटर वायू साठवणारा हवा होता. मुदत दिवाळीची, आणि काम सुरू झालं जूनच्या शेवटी, ऐन पावसाच्या तोंडावर.

दुसऱ्या अटीचं गणित तेव्हाच करायला हवं होतं. पूर्ण भरलेल्या हायड्राइडमध्ये एका निकेलमागे चार हायड्रोजन असतात, म्हणजे वजनाच्या ३.६२ टक्के. त्यातला सुमारे ०.३ अणू इतका हायड्रोजन धातूत विरघळलेलाच राहतो, सहज बाहेर येत नाही. तो ०.२८ टक्के वजा केला की उरतात ३.३४. म्हणजे ३.३ ही कसलीही अशुद्धी नसलेल्या भुकटीची कमाल मर्यादा झाली. मागणी स्वीकारणाऱ्याने तो आकडा किमान अट म्हणून सही करून टाकला.

अडचण

पहिल्या खेपेत प्रत्येक जारमध्ये २० ग्रॅम माल घेतला: ९.०६ ग्रॅम मॅग्नेशियम, १०.९४ ग्रॅम निकेल. २५० मिलिलिटरचा कडक पोलादी जार, १० मिलिमीटरच्या ५० गोळ्या. एक गोळी साधारण ४ ग्रॅमची, त्यामुळे गोळ्या आणि भुकटीचं प्रमाण दहास एक. वेग मिनिटाला ३०० फेरे, १५ मिनिटं मिल चालू आणि १५ मिनिटं बंद, एकूण ३० तास प्रत्यक्ष दळण. भुकटी जारला आणि गोळ्यांना चिकटू नये म्हणून २ टक्के स्टिअरिक ॲसिड. एवढ्यानेही कण १०० नॅनोमीटरखाली येईनात, म्हणून शेवटी हेप्टेन या पटकन उडणाऱ्या द्रवात ओलं दळण.

फोटो झकास आले. बहुतेक कण ८० नॅनोमीटरच्या आसपास. पण हायड्रोजन कारखान्याच्या मोजणीत २.६ टक्के भरला आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेत १.९. पहिली शंका अर्थातच ग्राहकाच्या यंत्रावर घेतली गेली.

त्याच आठवड्यात जारच्या तळाला राहिलेली सुकी भुकटी फ्यूम हूडमध्ये पोलादी चमच्याने खरवडताना पेटली. हेप्टेन उडून गेलेलं, कण बारीक, त्यात घर्षण. जवळच्या भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं होतं. ते वापरलं असतं तर ज्वाळा वाढलीच असती, कारण जळतं मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमधलाही ऑक्सिजन ओढून घेतं. पाणी मारलं तर वर हायड्रोजन तयार होतो. सुपरवायझरने कोरड्या वाळूची बादली ओतली आणि विषय तिथेच संपला. मॅग्नेशियम हाताळणाऱ्या टेबलाशेजारी कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची पावडर, यापलीकडे दुसरं काहीही टांगून ठेवू नये.

कारणांचा शोध

आधी मोजणी तपासली. सीव्हर्ट्स पद्धतीत ठरावीक आकारमानाच्या टाकीतून नमुन्यात हायड्रोजन सोडतात आणि दाब किती उतरला त्यावरून किती शोषला गेला ते काढतात. कारखान्याच्या यंत्रात टाकी १०० मिलिलिटरची आणि नमुना अर्धा ग्रॅम. ३.३ टक्क्यांनी अर्ध्या ग्रॅममध्ये १६.५ मिलिग्रॅम हायड्रोजन बसतो, आणि त्याने टाकीतला दाब फक्त २ बारने उतरतो. दाबमापक मात्र १०० बारचा, पूर्ण पल्ल्याच्या पाव टक्का अचूकतेचा, म्हणजे पाव बार इकडेतिकडे. सरळ १२ टक्क्यांची चूक. शिवाय नमुन्याच्या नळीतली रिकामी जागा हेलियमने थंड असतानाच मोजली होती. ३०० अंशांना त्याच जागेत जवळपास निम्माच वायू मावतो, आणि तो न मावलेला वायू टाकीत दाब दाखवतो. आणखी एक बारीक फरक: ग्राहक भागाकार भरलेल्या भुकटीच्या वजनाने करत होता, कारखाना कोऱ्या धातूच्या वजनाने. शुद्ध पदार्थासाठीही पहिल्या पद्धतीने ३.६२ आणि दुसऱ्याने ३.७६ येतात.

२० बारचा, ०.१ टक्का अचूक मापक बसवला. रिकामी जागा गरम अवस्थेत, भुकटीऐवजी तेवढ्याच आकारमानाचा पोलादी तुकडा ठेवून पुन्हा मोजली. मग लँथनम-निकेलचा नमुना लावला, ज्याचं उत्तर १.४ टक्क्यांच्या आसपास यायलाच हवं. ते आलं. जुनी भुकटी पुन्हा मोजली तर २.० टक्के. ग्राहकाचं यंत्र बरोबर होतं.

उरलेला हायड्रोजन गेला कुठे, याचं उत्तर एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीच्या) आलेखात होतं, फक्त ते नीट पाहिलं नव्हतं. या आलेखातले अंश कोनाचे, तापमानाचे नव्हेत. दोनास एकच्या २० आणि ४५ अंशांजवळच्या रेषांच्या मध्ये ४२.९ अंशांवर एक रुंद, बुटका उंचवटा होता: मॅग्नेशियम ऑक्साइड. बारीक ऑक्साइडची रेषा इतकी पसरते की पार्श्वभूमी समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. इथे तेच झालं.

ऑक्सिजन दोन वाटांनी आला होता. पहिली वाट जारची. मिल ग्लव्ह बॉक्सच्या बाहेर असते. जार आत भरून, झाकून बाहेर आणतात. चालताना तो गरम होतो, आतला आर्गॉन फुगून थोडा बाहेर जातो. बंद असताना थंड होतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. २०० मिलिलिटर मोकळी जागा आणि ४० अंशांचा चढउतार धरला तर दर विश्रांतीला २५ मिलिलिटर हवा, म्हणजे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन. ३० तासांच्या दळणात अशा १२० विश्रांती. गॅस्केट पूर्ण निकामी असेल तर ०.८ ग्रॅमपर्यंत ऑक्सिजन आत जाऊ शकतो, वर जुलैतल्या हवेतली वाफ वेगळी. ०.३ ग्रॅम ऑक्सिजनदेखील ०.४६ ग्रॅम मॅग्नेशियम खातो, एकूण मॅग्नेशियमच्या ५ टक्के. तेवढं मॅग्नेशियम गेलं की त्याच्या वाट्याचं निकेल जोडीदाराविना उरतं. ते सुटं राहतं किंवा ‘एकास दोन’ (एक अणू मॅग्नेशियमला दोन अणू निकेल) मिश्रधातू बनवून आणखी मॅग्नेशियम अडकवतं, आणि तो एकास दोन अशा दाबाला हायड्रोजन घेतच नाही. तोटा असा आणखी वाढतो.

गॅस्केट निकामी असल्याचं मिलवरच्या ऑपरेटरने दाखवलं. रबरी ओ-रिंगवर आतून बाहेरच्या दिशेने एक काळी, केसाएवढी रेघ होती. जार भरताना खाचेत सांडलेली भुकटी रिंगखाली दबली होती, आणि हवा तिथूनच ये-जा करत होती. रिकाम्या जारमध्ये आर्गॉनचा दाब देऊन, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा तो पाण्याच्या बादलीत धरला. चारपैकी दोन जारांतून बुडबुडे.

दुसरी वाट खुद्द कणाच्या आकाराची. मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर थोडीशी जरी हवा लागली तरी ३-४ नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर बसतो. ८० नॅनोमीटरच्या कणावर ४ नॅनोमीटरचा थर म्हणजे आत ७२ नॅनोमीटरचा गाभा, आकारमानाने ७३ टक्के. उरलेले २७ टक्के हायड्रोजनच्या कामाचे नाहीत. तोच थर ५ मायक्रोमीटरच्या कणावर बसला तर अर्धा टक्काही जात नाही. म्हणजे ग्राहकाची पहिली अट पाळणं हेच दुसरी अट मोडण्याचं मोठं कारण होतं.

स्टिअरिक ॲसिडमधला कार्बन-ऑक्सिजन आणि जारमधून झिजलेलं लोखंड यांचाही वाटा होता, पण लहान.

पर्याय

खरा प्रश्न हा होता की ‘नॅनो’ नेमकं कुठे हवं. दळलेल्या भुकटीचा एक कण अनेक स्फटिककणांचा बनलेला असतो. कण ५ मायक्रोमीटरचा असला तरी आतले स्फटिककण २०-३० नॅनोमीटरचे असू शकतात, आणि हायड्रोजन भराभर आत शिरतो तो या स्फटिककणांच्या सीमांमधून. वेगासाठी लागणारं नॅनोपण आतलं. ग्राहकाने मागितलं होतं बाहेरचं. त्याच्या मनात अशीही आशा होती की कण लहान झाले की हायड्रोजन कमी तापमानाला सुटेल. तसं होत नाही. मॅग्नेशियमच्या बाबतीत गणनेनुसार बंध सैल पडायला कण १.३ नॅनोमीटरच्याही खाली जावे लागतात. दोनास एकचा समतोल दाब (ज्याच्या वर हायड्रोजन आत शिरतो आणि खाली बाहेर येतो) २५० अंशांच्या आसपास १ बार आणि ३०० अंशांना साडेतीनच्या जवळ. ८० नॅनोमीटरने त्यात फरक पडत नाही.

रासायनिक मार्गाने अस्सल नॅनोकण करण्याचा विचार झाला. पाण्यात सोडियम बोरोहायड्राइडने निकेल पाडता येतं, मॅग्नेशियम नाही; ते पाण्यात क्षपण होऊन, म्हणजे क्षारातून सुटून, धातूरूपात उतरत नाही. त्यासाठी टीएचएफ या सेंद्रिय द्रावकात लिथियम नॅफ्थलिनाइड लागतं, मागे उरलेलं लिथियम क्लोराइड धुवावं लागतं, आणि एका वेळी हाती येतो जेमतेम ग्रॅमभर माल. ६० ग्रॅमसाठी हा रस्ता लगेच सोडला.

वितळवून ओतण्याच्या पर्यायावर जास्त वेळ गेला. निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि मॅग्नेशियम १०९० ला उकळतं, त्यामुळे दोन्ही एकदम वितळवली तर मॅग्नेशियम वाफ होऊन भट्टीच्या भिंतीवर बसतं. निकेल हळूहळू मॅग्नेशियमच्या रसात विरघळवता येतं, पण दोनास एक ७६० अंशांना अर्धवट फुटून तयार होणारा पदार्थ आहे. थंड होताना एकास दोनचे गाभे आत अडकतात आणि ते घालवायला पुन्हा दीर्घ तापवणी लागते. अनुभवी ओतारी हाताशी असता तर कदाचित हाच मार्ग बरा ठरला असता.

उरला तिसरा मार्ग: थोडंच दळायचं, मग घन अवस्थेतच तापवून मिश्रधातू बनवायचा, आणि शेवटी पुन्हा अगदी थोडं दळायचं. यात कण मायक्रोमीटरचेच राहतात, म्हणजे ग्राहकाची पहिली अट उघडपणे मोडते. दोन कंपन्यांमधली सगळ्यात लांबलेली चर्चा यावरच झाली. ग्राहकाच्या माहितीपत्रकात ‘नॅनोकण’ छापून झालं होतं. अखेर २७ टक्क्यांच्या गणिताचा कागद समोर ठेवल्यावर अट बदलली: एक्सआरडीवरून काढलेला स्फटिककणाचा आकार ५० नॅनोमीटरखाली, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची रेषा ठरलेल्या मर्यादेत. क्षमतेची अटही ३.० टक्क्यांवर आली.

काय केलं

जारची झाकणं व्हॉल्व्हवाली घेतली आणि आत दीड बार जादा दाबाने आर्गॉन भरला, म्हणजे गळती झालीच तर ती बाहेरच्या दिशेने होईल. ग्लव्ह बॉक्समध्ये भुकटी फनेलने घालायची, मग खाच लिंट-विरहित कापडाने पुसायची आणि त्यानंतरच रिंग बसवायची, हा क्रम भिंतीवर लावला. ठरावीक दळणांनंतर जार रिकामा करून बादलीची चाचणी. पावसात वीज गेली की ग्लव्ह बॉक्सचा शुद्धीकरणाचा पंखा थांबतो आणि आतली वाफ वाढते. तो यूपीएसवर घेतला, आणि ऑक्सिजन व वाफ दोन्ही १ पीपीएमखाली (दहा लाखांत एका भागाखाली) आल्याशिवाय जार उघडायचा नाही असं ठरलं.

स्टिअरिक ॲसिड काढून टाकलं. मग भुकटी चिकटते. ८ तासांचं दळण चार भागांत केलं आणि प्रत्येक भागानंतर जार आर्गॉनमध्ये उघडून कडा खरवडल्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. भिंतीला चिकटून आणि ऑक्साइड होऊन जाणाऱ्या वाट्यासाठी मॅग्नेशियम ३ टक्के जास्त घेतलं, म्हणजे ९.३३ ग्रॅम. दळलेलं मिश्रण बंद स्टेनलेस नळीत, आर्गॉनमध्ये, ४०० अंशांना ४ तास तापवलं. एक्सआरडीत सुट्या निकेलची ४४.५ अंशांची रेषा जवळपास दिसेनाशी झाली. तापवण्याने स्फटिककण वाढतात, म्हणून शेवटी २ तास पुन्हा दळण. त्यानंतर ४५ अंशांवरच्या रेषेची रुंदी ०.३५ अंश आली. रेषेच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढणाऱ्या शेरर सूत्रात घातल्यावर २५ नॅनोमीटर. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा केलेली आहे. दळणातल्या ताणामुळेही रेषा पसरते, तेव्हा खरा आकार यापेक्षा थोडा मोठाच असणार.

भुकटी हवेत नेण्याआधी १ टक्का ऑक्सिजनवाल्या आर्गॉनमध्ये हळूहळू निववायची (म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर सावकाश बसू द्यायचा) की आर्गॉनमध्येच सीलबंद पाठवायची, हा आणखी एक निर्णय. निववल्याने हाताळणी सोपी होते पण क्षमता थोडी जाते. सीलबंद पाठवण्याचं ठरलं, कारण ग्राहकाकडेही ग्लव्ह बॉक्स होता. नसता तर निववणंच शहाणपणाचं. नमुना यंत्रात लावल्यावर ३५० अंशांना २ तास निर्वातात, मग १५ बार हायड्रोजन, असे चार फेरे दिले. पहिल्या फेरीत शोषण रेंगाळतं, चौथ्यात स्थिरावतं. हायड्रोजन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा. वाफ असलेला स्वस्त वायू लावला तर फेऱ्यागणिक ऑक्साइड आपणच घालतो.

निष्पत्ती

क्षमता ३.०५ टक्के, दोन्ही प्रयोगशाळांत जवळपास सारखी. अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यात ९० टक्के भरणी ४ मिनिटांत. काही फेऱ्यांनंतर स्फटिककण ४० नॅनोमीटरच्या पुढे गेले. ३०० अंशांना ते वाढणारच, त्यामुळे सुरुवातीला २५ ऐवजी १५ नॅनोमीटर मिळवण्यासाठी दळणाचे जादा तास घालण्यात अर्थ नव्हता.

जादा मॅग्नेशियमने एक खोडी काढली. दाब आणि हायड्रोजन यांच्या आलेखात साडेतीन बारच्या सपाट टप्प्याखाली १.८ बारला दुसरा छोटा टप्पा दिसला. तो सुट्या मॅग्नेशियमच्या हायड्राइडचा. ग्राहकाचा रेग्युलेटर (बाहेर येणाऱ्या वायूचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) २ बारवर बसवलेला असल्याने तेवढा हायड्रोजन डब्यातच अडकून राहत होता. पुढच्या खेपेत जादा मॅग्नेशियम दीड टक्क्यावर आणलं आणि हा टप्पा आखडला.

डब्यात भरल्यावर मात्र ६० ग्रॅमची भरणी १० मिनिटांत होईना. यात भुकटीचा दोष नव्हता. ६० ग्रॅममध्ये ३.०५ टक्क्यांनी सुमारे ०.९ मोल, म्हणजे २२ लिटर हायड्रोजन जातो आणि प्रत्येक मोलमागे ६४ किलोजूल उष्णता बाहेर पडते. १० मिनिटांत भरायचं तर जवळपास १०० वॅट उष्णता डब्याबाहेर काढावी लागते, आणि सुटी भुकटी उष्णता वाहून नेण्यात फार मंद असते. १२ बारला या पदार्थाचं समतोल तापमान ३५८ अंशांच्या आसपास आहे. डब्याच्या मधोमध लावलेला थर्मोकपल ३०० वरून चढून ३५५ ला टेकला आणि तिथेच बसून राहिला. गाभा तेवढा तापला की शोषण थांबतं आणि निवेल त्या गतीनेच पुढे सरकतं.

वेगळं काय करता आलं असतं

मिल सुरू करण्यापूर्वी आणि दळणानंतर बंद जारचं वजन करायचं, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर. आर्गॉन साध्या दाबाला असेल तर वजनातली वाढ म्हणजे आत गेलेली हवा. ही चाचणी पहिल्याच दिवशी ठेवली असती तर एक्सआरडीच्या उंचवट्याची वाट पाहावी लागली नसती. जादा दाबाच्या नव्या झाकणांसह हिशेब उलटतो: वजन घटलं तर गळती.

लँथनम-निकेलचा नमुना भुकटीच्या आधी मोजायला हवा होता. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसताना आपल्या यंत्राची परीक्षा आधी, दुसऱ्याच्या यंत्रावर शंका नंतर, हा क्रम उलटा लागला आणि त्यात पावसाळ्याचा मोठा भाग गेला.

डब्याचा विचार भुकटीच्या मागणीबरोबरच व्हायला हवा होता. हायड्रोजन भरल्यावर दोनास एक आकारमानाने सुमारे ३२ टक्के फुगतो. उभ्या डब्यात भुकटी तळाशी दाटते आणि भिंतीवर ताण आणते, म्हणून डबा आडवा आणि वरची जागा मोकळी. उष्णतेसाठी भुकटीत ५ ते १० टक्के प्रसरित ग्राफाइट मिसळून टिकल्या दाबणं हा चालणारा उपाय आहे, पण तेवढ्या वजनाने क्षमता उतरते: १० टक्के ग्राफाइटने ३.०५ चे पावणेतीन होतात आणि ६० ग्रॅमच्या टिकल्यांत वायू उरतो २० लिटर, अगदी काठावर. दुसऱ्या मागणीचा कागद तयार आहे. त्यात टक्केवारी कशाने भागायची, रेग्युलेटरचा दाब किती आणि थर्मोकपल कुठे लावायचा हे लिहिलेलं आहे. टिकल्या रबाळ्यात दाबायच्या की ग्राहकाकडे, तो रकाना अजून रिकामा आहे.